गळाच्या शिशाला पावडर कोटिंग : नागपूर, उन्हाळा २०२४

१९ एप्रिल, शुक्रवार

मतदानाची सुट्टी. ऊन चढायच्या आत मत टाकून आलो आणि गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत सामान मांडलं.

काम असं आहे: गळाला लावायची शिशाची वजनं घरी ओतायची आणि त्यांच्यावर पावडर कोटिंग करायचं, म्हणजे रंगाची कोरडी पावडर चिकटवून ती ओव्हनमध्ये वितळवायची. साचे दोन. एकात ३० ग्रॅमचं थेंबाच्या आकाराचं वजन, डोक्यावर स्टेनलेस तारेचं कडं. दुसऱ्यात १० ग्रॅमचं अंडाकृती, आरपार भोक असलेलं. दोन्ही ॲल्युमिनियमचे, हिंगणा एमआयडीसीतल्या एका मिलिंगवाल्याकडून १,८०० रुपयांत करून घेतले.

शिशाला रंग कशाला, हे सगळ्यांनी विचारून झालं. कन्हान नदीच्या काठावर आमच्यासोबत एक ढीवर काका बसतात. ते बारीक शिसं तंगुसावर (गळाच्या नायलॉन दोऱ्यावर) दातानं दाबून बसवतात आणि मग त्याच काळ्या बोटांनी पन्नीतला खर्रा तोंडात टाकतात. शिसं शरीरात साठत जातं आणि त्याची सुरक्षित म्हणावी अशी मात्राच नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं मी त्यांना ऐकवून पाहिलं. "मी पासष्टीले आलो बाप्पा, मले काय झालं?" विषय संपला. भोकाचं वजन दिलं की दाबायची गरज नाही आणि कोटिंग असलं की बोटाला काळं लागत नाही, एवढा सरळ हिशेब करून कामाला लागलो.

पद्धत मूळची अमेरिकेतल्या, बंदुकीच्या गोळ्या घरी ओतणाऱ्या हौशी लोकांची. बॅरलला शिसं चिकटू नये म्हणून ते पूर्वी गोळीला मेण-ग्रीस लावायचे. आता बरेच जण डब्यात पावडर टाकून हलवतात आणि ओव्हनमध्ये भाजतात. आपल्याकडे विनापरवाना दारूगोळा बनवणं १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे, तेव्हा त्या वाटेला जायचंच नाही. आपल्या कामाला लागतं ते सगळं मात्र तेच आहे: शिसं, पावडर, २०० अंश.

आजचा खर्च: कबाड्याकडचा जुना ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) ९०० रुपये, थर्मोकपलवालं (तापमान मोजणाऱ्या तारेचं) मीटर ६५०, चामड्याचे हातमोजे १८०. ओटीजी यापुढे खाण्याच्या कामाचा नाही. आईला विश्वास नव्हता, म्हणून त्याच्यावर लाल रंगात "विष" असं लिहून ठेवलं.

२० एप्रिल, शनिवार

शिसं वेगळं करण्यात अख्खी दुपार गेली. माल टायरच्या दुकानातला: व्हील बॅलन्सिंगची काढलेली वजनं, ११ किलो, १३० रुपये किलोनं. त्यात तीन धातू मिसळलेले असतात. लोखंडी असतील ती चुंबकाला चिकटतात. उरलेल्यांत जस्ताची कोणती हे कटिंग प्लायरनं कळतं. शिशात प्लायरचं तोंड सहज रुततं, जस्तावर नुसता ओरखडा उठतो. वेळ खाणारं काम आहे, पण टाळू नका. शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त ४१९ ला. कढई ४०० च्या खाली ठेवली तर चुकून गेलेलं जस्त वर तरंगतं आणि झाऱ्यानं काढता येतं. त्याच्या वर गेली की ते मिसळतं, रस गुठळ्या धरतो आणि साचा भरत नाही.

११ किलोंत कामाचं निघालं साडेसात. म्हणजे खरा भाव किलोला १९० च्या वर पडला. सरळ भंगारातलं शिसं घेतलं असतं तर स्वस्त पडलं असतं.

बॅटरीच्या प्लेटा मात्र कोणी फुकट दिल्या तरी घेऊ नका. त्यात आम्ल असतं, आणि वितळवताना निघणारा धूर व धूळ घरगुती मास्कनं आवरण्यासारखी नाही.

२१ एप्रिल, रविवार

पहिली ओतणी. पहाटे साडेपाचला सुरू केली, कारण नऊनंतर टिनाखाली गॅसची शेगडी पेटवणं माणसाचं काम नाही.

सुरुवातीच्या सगळ्या वजनांवर सुरकुत्या. साचा थंड असला की रस कडेला लागताच थिजतो. साचा कढईच्या काठावर टेकवून तापवला, आतून मेणबत्तीची काजळी धरली, आणि दोन-चार वजनं नुसती साचा गरम व्हायला ओतून परत कढईत टाकली. मग गुळगुळीत माल यायला लागला. साचा फार तापला की उलटं होतं, पृष्ठभाग खरबरीत आणि पांढुरका दिसतो. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, खरबरीत अंगावर पावडर उलट चांगली धरते.

रस साफ करायला मेणबत्तीचा तुकडा टाकून ढवळायचं. धूर होतो, कधी भडका उडतो, मग राखाडी मळी वर येते. ही मळी सगळ्यात घातक. ३५० अंशांना शिशाची वाफ फारशी होत नाही, पण मळीची पूड हवेत उडते, नाकात जाते, कपड्यांवर बसून घरात येते. मास्क लावूनच काढायची, झाकणाच्या डब्यात भरायची. खोलीत झाडू मारायचा नाही. सगळं थंड झाल्यावर ओल्या फडक्यानं पुसायचं. आणि कढई गरम असेपर्यंत ते ओलं फडकं, पाण्याचा तांब्या, घामाचा थेंबसुद्धा तिच्या आसपास नको. रसाखाली पाणी गेलं की क्षणात वाफ होते आणि शिसं छतापर्यंत उडतं. कपाळाला पंचा बांधून ओतलं ते यासाठीच.

२७-२८ एप्रिल

पावडर मिळवणं हाच एक उद्योग झाला. दुकानात २०-२५ किलोचा खोका घ्या म्हणतात. शेवटी जॉबवर्क करणाऱ्या एका भट्टीवाल्यानं उरलेल्या दोन पावडरी सुट्या दिल्या: पिवळी चकचकीत पॉलिएस्टर एक किलो आणि लाल अर्धा किलो, मिळून ४५० रुपये. "टेक्स्चर नको, मॅट नको, चकचकीत द्या" असं सांगून घेतली. डब्यात हलवायच्या कामाला चकचकीतच बरी.

पद्धत: पॉलिप्रॉपिलीनचा डबा, ज्याच्या बुडाला त्रिकोणात ५ लिहिलेलं असतं. त्यात मुलांच्या खेळण्यातल्या पिस्तुलाचे ६ मिलिमीटरचे प्लास्टिकचे छर्रे, तळ झाकेल इतके. वरून दोन चमचे पावडर, मग मूठ-दोन मुठी वजनं. झाकण लावून डबा गोल गोल फिरवायचा. छर्रे, डबा आणि पावडर एकमेकांवर घासून स्थिर वीज तयार होते आणि पावडर शिशाला जाऊन चिकटते. पावडर फवारायची गन नको, कॉम्प्रेसर नको.

डबा उघडला आणि खरं सांगतो, शिट्टी वाजवली. एकेक वजन हळदीत लोळवल्यासारखं पिवळं. चिमट्यानं उचललं, चिमटा टेबलावर हलकेच आपटून जास्तीची पावडर झाडली, आणि ओटीजीच्या ट्रेवर उभं ठेवलं. २०० अंश. सातव्या-आठव्या मिनिटाला पावडर वितळून चमकायला लागली. वेळ तिथून मोजायची, ओव्हन लावल्यापासून नाही. चमक आल्यावर २० मिनिटं.

ट्रेवर साधी ॲल्युमिनियम फॉइल अंथरली होती. ती वजनांच्या बुडाला अशी चिकटली की नखानं खरवडूनही चांदीचे तुकडे राहिले. पुढच्या घाण्याला बटर पेपर घेतला, सुटलं.

५ मे, रविवार

गच्चीवरच्या खोलीत पावडरचे खडे झाले. खोक्यावर लिहिलेलं असतं की ३० अंशांच्या खाली ठेवा. आमच्या टिनाखाली दुपारी चारला मीटर ४६ दाखवत होतं. मैद्याच्या चाळणीतून काढली, वाचली. पण असं रोज चाललं तर महिन्याभरात पावडरची वडी होईल. म्हणून कोटिंगचं काम खाली, मागच्या खोलीत आणलं. तिथं कूलर आहे, टेबल आहे, माणसासारखं बसता येतं. ओतकाम आणि ओव्हन वरच.

खालच्या खोलीतला पहिला घाणा फसला. पावडर धरलीच नाही. कुठे पिवळं, कुठे उघडं शिसं, कडेला तर काहीच नाही.

८ मे, बुधवार

ऑफिसातून आल्यावर एकेक गोष्ट बदलून पाहिली.

वजनांना मेण किंवा बोटाचं तेल असेल म्हणून थिनरनं धुतली, वाळवली, मोज्यानं हाताळली. फरक नाही. (धुणं तरी सोडू नका, तेलकट डागावर भाजताना खळगे पडतात.) डबा बदलला. फरक नाही. छर्रे नवे आणले, २० रुपयांचं पाकीट. फरक नाही. लाल पावडर घेतली. तीही तशीच रुसलेली.

भाच्याचं मत पडलं, "मामा, पावडरच खराब दिली त्यानं तुले." मलाही तेच वाटायला लागलं होतं. भट्टीवाल्याला फोन करणार होतो, बरं झालं केला नाही.

१० मे, शुक्रवार

अक्षय तृतीया. दुपारचं आंब्याचा रस आणि पोळीचं जेवण झालं आणि लाईन गेली. कूलर बंद. झोप येईना, घामानं अंग चिकट, आणि हाताला काम नाही. तासाभरानं नुसता चाळा म्हणून तोच डबा, तीच वजनं, तीच संशयातली पिवळी पावडर फिरवत बसलो. उघडून पाहतो तर पूर्ण झाकलेली. कडा, बूड, कड्याची तारसुद्धा.

लाईन आली, कूलर सुरू झाला. दुसरा घाणा लावला. पुन्हा उघडं शिसं.

मग डोक्यात प्रकाश पडला. आपला कूलर म्हणजे ओल्या ताट्यांतून हवा ओढून खोलीत सोडणारं यंत्र. हवेत पाणी आलं की स्थिर वीज टिकत नाही, ती दमट हवेतून आणि डब्याच्या भिंतीवरून निघून जाते. गच्चीवर एप्रिलची कोरडी झळ होती म्हणून पहिल्या झटक्यात जमलं होतं.

११ मे, शनिवार

सीताबर्डीतून ३५० रुपयांचं आर्द्रतामापक आणलं. कूलर सुरू असताना मागच्या खोलीत ६८ टक्के. कूलर बंद, दार-खिडकी उघडी, दीड तासानं २१ टक्के. ३५ च्या खाली पावडर छान धरते. ४० ते ५० मध्ये जास्त वेळ फिरवून कसंबसं होतं. ५५ च्या वर डबा फिरवणं म्हणजे नुसता हाताचा व्यायाम.

तेव्हापासून नियम केला: कोटिंगच्या दोन तास आधी कूलर बंद. पंखाही बंद, कारण तो पावडर उडवतो. पावडर मात्र कूलरच्याच खोलीत, पण घट्ट झाकणाच्या डब्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून. तिला गारवा हवा आणि ओल नको. नागपूरच्या उन्हाळ्यात या दोन्ही गोष्टी एका खोलीत बसत नाहीत, म्हणून साठवण एका जागी आणि काम दुसऱ्या जागी. हे लिहितोय ते मुख्यतः यासाठी. परदेशातल्या लोकांच्या नोंदींत कोरडी हवा हवी हे वाक्य सापडतं, पण कूलर कोणाकडेच नसतो.

१९ मे, रविवार

ओव्हनची झडती. खटक्यावर २०० लावलं की आत मधोमध १७५, वरच्या दांड्यांजवळ २३०. म्हणजे मधली वजनं कच्ची आणि वरच्या जाळीवरची पिवळी वजनं बदामी. पिवळा आणि पांढरा रंग जास्त तापला की लगेच चुगली करतो, लाल-काळा लपवतो. शिकायला पिवळाच घ्यावा.

उपाय: वरच्या दांड्या बंद, फक्त खालच्या सुरू, ट्रे मधल्या खाचेत, आणि ट्रेखाली भट्टीची एक वीट. विटेमुळे तापायला २५ मिनिटं लागतात, पण मग आकडा हलत नाही. थर्मोकपलचं टोक एका वजनाच्या भोकात खुपसून ठेवतो. हवा २०० झाली म्हणून शिसं २०० होत नाही, ते मागून सावकाश येतं.

कच्चं की पक्कं, याच्या दोन परीक्षा. कापसावर थिनर घेऊन जोरात घासायचं, रंग कापसावर आला तर कच्चं. मग एक वजन ऐरणीवर ठेवून हातोडीनं चपटं करायचं. पक्कं कोटिंग शिशाबरोबर पसरतं, कच्चं असेल तर टवके उडतात. आधीच्या घाण्यातली बरीच वजनं दुसऱ्या परीक्षेत गळाली. ती परत २० मिनिटं भाजली, बहुतेक सुधारली.

२६ मे, रविवार

नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस) कालपासून लागला. आज ओव्हनमध्ये शिसं बसलं.

टायरवाल्याचा माल संपला म्हणून कबाड्याकडून चार किलो "शिसं" आणलं, १६० रुपयांनी. कांड्या, पत्र्याचे तुकडे, काही चमकदार लाद्या. वितळायला सोपं, साचा असा भरला की कड्याच्या तारेची रेघसुद्धा उमटली. इतकी देखणी वजनं आजवर ओतली नव्हती. भाचा म्हणाला, चांदीचीच होय ना?

काट्यावर ३० ग्रॅमच्या साच्यातलं वजन २६ भरत होतं. साचा नीट मिटला नसेल म्हणावं तर वजन वाढायला हवं, कमी नाही. तिथंच थांबायला हवं होतं.

कोटिंग केलं, २०० ला लावलं. दहाव्या मिनिटाला काचेतून पाहिलं तर थेंब एका बाजूला कलले होते. बाराव्या मिनिटाला बुडं पसरली. ओव्हन बंद करून दार उघडलं तेव्हा ट्रेवर पिवळ्या कातडीत भरलेला मऊ लगदा, त्यातून कडी वाकडी होऊन वर आलेली. एक वजन चिमट्यानं उचलायला गेलो तर कातडी चिमट्यात आणि धातू खाली.

ते सोल्डर होतं, निदान बराचसा भाग. कथील आणि शिशाचं ६३-३७ सोल्डर १८३ अंशांनाच वितळतं, आणि कथील पाचव्या हिश्शाच्या वर गेलं की मिश्रण १८३ पासूनच मऊ पडायला लागतं. कथील हलकं, म्हणून ३० ऐवजी २६ ग्रॅम. कथिलानं साचा सुरेख भरतो, म्हणून ती चमक. काटा सांगत होता ते खरं होतं.

आता कोणताही अनोळखी माल आला की आधी एक वजन ओतून मापायचं, मग ते विनाकोटिंग २०० अंशांना अर्धा तास ओव्हनमध्ये बसवायचं. टाचणीनं टोचून पाहायचं. टिकलं तर पुढे.

उरलेलं मिश्रण रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या एकाला दिलं. कल्हईवाल्याला देऊ नका, अगदी फुकटातही. त्यातलं शिसं भांड्यातून जेवणात जाईल.

ट्रे गेला (१५०), दोन तासांची वीज वाया गेली, बटर पेपरचा धूर टिनाच्या खोलीत संध्याकाळपर्यंत होता.

३१ मे, शुक्रवार

नागपुरात ५६ अंश, अशी बातमी काल सगळ्यांच्या मोबाइलवर. नंतर हवामान खात्यानं सांगितलं, स्वयंचलित केंद्राचा सेन्सर बिघडला होता. ते वाचून माझं थर्मोकपल उकळत्या पाण्यात बुडवून तपासलं. ९८ दाखवलं. नागपूर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या आसपास आहे, तेव्हा पाणी ९९ च्या आसपास उकळायला हवं. एका अंशाचा फरक चालेल.

९ जून, रविवार

कन्हान. पाणी कमी, खडक उघडे. काकांना भोकाची दहा-बारा वजनं आधीच देऊन ठेवली होती. त्यांनी पिशवीतून काढून तळहातावर ओळीनं मांडली आणि एकेकाचं भोक डोळ्याला लावून पाहिलं.

"अन् तंगूस कुठून टाकू याच्यात?"

निम्म्यांची भोकं पावडरनं बुजलेली. उरलेल्यांच्या भोकाच्या कडेला कोटिंगची धार आलेली, तंगूस ओढला की कापत होता. ३० ग्रॅमची लाल वजनं मात्र पसंत पडली. गढूळ पाण्यातून वर येताना दिसतात म्हणाले. मासा लाल रंगाला येतो का, यावर "मासा पिठाले येते, रंगाले नाही", आणि खळी-कणकेचा गोळा लावून गळ टाकला. तासाभरात रोहू त्यांच्याकडे, माझ्याकडे काही नाही.

खडकांत ओढलेल्या वजनांचं कोटिंग टोकाला सोलवटलं होतं. हे होणारच. कोटिंग हाताळताना हात वाचवतं, शिशाला निरुपद्रवी करत नाही. तुटून पाण्यात राहिलेलं वजन पाणपक्ष्यानं खडा समजून गिळलं तर त्याच्या पोटातल्या खड्यांखाली कोटिंग भरडलं जाऊन शिसं उघडं पडतं. ब्रिटननं हंसांसाठी १९८७ पासून २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या गळवजनांची विक्री बंद केली, कोटिंग असो-नसो. म्हणून लहान वजनं मी उथळ तळ्यावर नेत नाही, आणि १० ग्रॅमची फक्त नदीच्या धारेत वापरायला देतो.

१५ जून, शनिवार

भोकाचा तोडगा: ओतल्यावर सायकलच्या आऱ्याचा तुकडा भोकात घालायचा, त्यावर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पुसट हात. डब्यात आऱ्यासकट फिरवायचं. भाजून झाल्यावर वजन कोमट असतानाच आरा पिळून ओढायचा, म्हणजे कोटिंग सरळ कापलं जातं. पूर्ण थंड झाल्यावर ओढलात तर कडेचा टवका घेऊन येतो. मग दोन्ही तोंडांवर मोठ्या ड्रिलचं टोक हातानं अर्धा फेरा फिरवून धार मोडायची. ग्रीस बाहेर सांडलं तर तिथं पावडर धरत नाही, तेव्हा खरंच पुसट.

२३ जून, रविवार

पाऊस लागला. आर्द्रतामापक ८१. कूलर बंद असून काय उपयोग, आता सगळं गावच कूलरमध्ये बसलंय. डब्याची पद्धत आता बंद.

म्हणून गरम बुडवणी. वजन कड्यात तार घालून ओव्हनमध्ये १७० पर्यंत तापवायचं, बाहेर काढून पावडरच्या वाटीत बुडवायचं, झटकायचं. इथं स्थिर विजेचा संबंध नाही. गरम धातूला लागलेली पावडर तिथंच वितळून चिकटते. ३० ग्रॅमची वजनं उष्णता धरून ठेवतात म्हणून चांगली होतात. १० ग्रॅमची वाटीपर्यंत येईतो थंड.

पहिल्या घाण्यात थर फार जाड. भाजायला उलटी टांगली तर प्रत्येकाच्या टोकाला लोंबता थेंब वाळलेला. कारण वाटीतली पावडर दाबून बसलेली होती, वजन तिच्यात खुपसलं जात होतं.

७ जुलै, रविवार

पावडर मोकळी ठेवायला मत्स्यालयाचा हवापंप जोडला (२८० रुपये). चार इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा, खाली टोपी, तिच्यावर दोन इंचांवर जाड कागदी फिल्टर ताणून चिकटवलेला. पंपाची नळी टोपीतून आत. हवा फिल्टरमधून सावकाश वर येते आणि पावडर फुगून हलायला लागते, वजन बुडवलं तर बोटाला जडपणा लागत नाही. बुडवून एक म्हणेपर्यंत बाहेर. थर एकसारखा, थेंब जवळजवळ नाहीत.

पावसाळी हवाच पंप आत ढकलतो, त्यामुळे अर्ध्या तासात पावडर गुठळायला लागली. नळीच्या मधे सिलिका जेल भरलेली पाण्याची बाटली बसवली. जेल निळ्याचं गुलाबी झालं की कढईत भाजून परत वापरायचं. ती कढईही आता वेगळी, शिशाचीही नाही आणि घरातलीही नाही.

पंपाला फुगवायला पावडर बरीच लागते, पाऊण किलो तरी. ज्याच्याकडे पावशेर आहे त्यानं डब्याचीच पद्धत धरावी आणि कोरड्या दिवसांची वाट पाहावी.

१४ जुलै, रविवार

आज गरम बुडवणीचा पहिला निर्दोष घाणा: ३० ग्रॅमची लाल, हातोडीत टिकली, थिनरला पुरली. कड्यात साचलेली पावडर भाजण्याआधीच टाचणीनं काढायची, नंतर ड्रिल लागतं.

खर्चाची बेरीज साडेसहा हजारांच्या वर गेली, ट्रे आणि वाया गेलेलं भंगार धरून. बाजारात ३० ग्रॅमचं साधं वजन १५-२० रुपयांना मिळतं, तेव्हा पैसे वाचवायला हे कोणी करू नये. १० ग्रॅमची वजनं आता दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की. तोवर भोकाचा साचा तेलात गुंडाळून ठेवलाय. काढाल तेव्हा थिनरनं धुवा, नाहीतर पहिल्या ओतणीत तेलाचा धूर आणि वजनांना भोकंच भोकं.